एक नेटकी बाई ताटं मांडत आहे

परवा भाजी आणायला गेले होते. एका हातगाड्यावर हरभऱ्याचे डहाळे दिसले, आणि घरात खाणारी मी एकटीच असताना दोन जुड्या घेऊन आले. ओट्यावर बसून घाटे सोलले. हरभऱ्याच्या पाल्याला अंगचीच एक आंब असते, ती बोटांना चिकटते आणि हात धुतले तरी लवकर जात नाही. दुपारी वाचताना पान उलटायला बोट जिभेला लावलं आणि तोंड आंबट झालं. मग पुस्तक मिटून ठेवलं. वेळ अमावस्या जवळ आली.

मुक्ता, ईशान, तुम्ही हा सण लहानपणी पाहिलेला आहे, पण तेव्हा तुमचं लक्ष शेंगांच्या पोळीवर आणि विहिरीत दगड टाकण्यावर होतं. त्यामुळे पुन्हा सांगते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आपल्याकडची माणसं शेतात जेवायला जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात, म्हणजे लहानशी झोपडीच. आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील मडक्यात घालून शेतावर नेतात आणि कोपीभोवती शिंपडतात. इथे नांदेडात सुट्टीसारखं वाटतं इतकंच, पण लातूर त्या दिवशी पूर्ण रिकामं होतं. दुकानं बंद, रिक्षा बंद, रस्त्यावर कुत्रं बसलेलं असलं तर त्याला उठवायलासुद्धा कोणी नसतं. सगळं गाव रानात. ज्याला रान नाही त्याला कोणाचं तरी आमंत्रण असतंच. त्या दिवशी कोणी एकट्यानं घरी जेवत नाही.

मुक्ता, तुझा मेसेज आल्यापासून मी हे लिहू की नको या विचारात होते. तू लिहिलंस, ईशानच्या लग्नात जेवणाच्या वेळी सगळे दोन शब्द बोलणार आहेत, आणि तू बोलण्याऐवजी आजोबांचा तो मेसेज वाचून दाखवणार आहेस. "आजी, आजोबांचा शेवटचा धमाल जोक. त्यानंतरच ते आजारी पडले ना? सगळे पोट धरून हसतील." तू तो चौकटीत घालून भिंतीवर लावला आहेस हेही मला त्यातूनच कळलं. मी "छान" असं उत्तर पाठवलं. त्यानंतर माझं कामात लक्ष लागलं नाही. तू तो वाचायच्या आधी तुला एक गोष्ट माहीत असली पाहिजे. वाचू नकोस असं मी म्हणणार नाही. पण माहीत असून वाच.

तुमचे आजोबा नोकरीनं जमिनीची मोजणी करणारे आणि आवडीनं समालोचक. ही आवड त्यांना हबीबभाईंमुळे लागली. हबीबभाईंचा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा. आमच्या लग्नाच्या आधी कधीतरी मुखेडला कबड्डीचे सामने होते आणि बोलणारा माणूस आलाच नाही. मोजणीसाठी गावात आलेले आजोबा प्रेक्षकांत उभे होते आणि शेजाऱ्याला मोठमोठ्यानं खेळ समजावून सांगत होते. हबीबभाईंनी येऊन माईक त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मोजणीसाहेब, असंबी तुम्ही ओरडूनच राहिलात. मशीनमधून ओरडा, घसा वाचंल." तेव्हापासून देगलूरपासून हिमायतनगरपर्यंत कुठेही मैदान आखलं की हबीबभाईंचे भोंगे आणि आजोबांचा आवाज. मी इंग्रजी शिकवणारी, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शिस्त असलेली, आणि माझा नवरा धुळीत उभा राहून ओरडतोय, "गेला, गेला, पाय धरला, सुटला!" सुरुवातीला मला लाज वाटायची. पुढे मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून पेपर तपासू लागले.

निवृत्तीनंतर घसा बसला आणि तुमच्या बाबांनी मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. आवाज गेला तो बोटांत उतरला. आता गावोगावचे सामने फोनवर थेट दिसतात आणि खाली लोक लिहीत असतात. हे तिथे लिहू लागले. "डावा कोपरा मोकळा. पोरा, तिकडं बघ." "चढाईला उंच गडी. उंची आहे, घाई पण आहे." कुठली कुठली मुलं त्यांना विचारायची, "काका, नेट अडकलं, काय झालं सांगा ना." हे सांगायचे. मी मागून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अहो, वाक्य संपलं की पूर्णविराम तरी द्या."

"पूर्णविराम देईपर्यंत गडी बाद होतो," ते म्हणायचे.

मग तुम्ही दोघं दूर गेलात, आणि त्यांनी घरच्या ग्रुपवर घराचंच समालोचन सुरू केलं. वरच्या मजल्यावरच्या लग्नाची वरात, टँकरपुढची रांग, माझं आणि दूधवाल्याचं भांडण. "आजीची चढाई. दूधवाला मध्यरेषेच्या मागे. पाणी किती घातलं हा प्रश्न. दूधवाला बाद." तुमच्याकडे तेव्हा रात्र असायची. सकाळी उठून तुम्ही हसण्याची चित्रं पाठवायचात आणि ती आली की हे चष्मा पुसून एकेक मोजायचे. वेळ अमावस्येला तर सकाळपासून सुरू. अहमदपूरच्या अलीकडचं आपलं शेत बळीराम आणि कौसाबाई कसतात. कौसाबाईच्या हातची भज्जी, म्हणजे ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे एकत्र शिजवलेली भाजी, आणि बाजरीचे वाफवलेले उंडे. ती वाढायला लागली की हे लिहीत बसायचे आणि कौसाबाई म्हणायची, "साहेब, लेकरायला नुसतं दावू नका, तुमीबी खावा. निवून गेलं की चव न्हाई."

तो हिवाळा मात्र वेगळा होता. आता मागे पाहते तेव्हा त्याचा वास आधी आठवतो. घर रंगवायला काढलं होतं आणि चुन्याच्या वासात सगळं सामान मधल्या खोलीत रचलेलं होतं. वस्तू जागच्या हलल्या म्हणून हे गोंधळतात असं मी समजत होते. मी प्रत्येक डब्यावर नावं चिकटवली. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. डब्यांचं ठीक झालं.

एका सामन्यात त्यांनी चढाईपटूचं नाव चुकीचं लिहिलं. दुरुस्ती आली, त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. ते नाव मला ओळखीचं होतं. मुखेडच्या त्या पहिल्या सामन्यातला तो गडी, केव्हाच वारलेला. खाली कोणीतरी लिहिलं, "काका, गोळी घेऊन झोपा आता." दुसऱ्यानं लिहिलं, "काका जुनी कॅसेट लावून बसले." ह्यांनी लगेच टोला दिला, "कॅसेट जुनी आहे, पण तुमच्यासारखी अडकत नाही." लोक हसले. हे हसले नाहीत. फोन पालथा ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि बऱ्याच वेळानं मला विचारलं, "तो माझ्यासमोर खेळला ना गं?"

त्याच दिवसांत घरच्या ग्रुपवरचं समालोचन वाढलं. आठवतं तुम्हाला? "चहा घेतला. साखर कमी. पंच आजी." "अंघोळ झाली. पाणी गरम." "जेवण झालं. मेथी." "गोळी घेतली. पांढरी." ईशान, तू लिहिलं होतंस, "आजोबा, बाथरूमचं लाइव्ह नको." सगळे हसले, मीही हसले. घरात बसून कंटाळतात, म्हणून लिहितात, असं मला वाटलं.

एके दुपारी हबीबभाई आले. त्यांनी सहज विचारलं, "जेवण झालं का मोजणीसाहेब?" ह्यांनी खिशातून फोन काढला, बोटानं पडदा खाली ओढत ओढत वर काय लिहिलं आहे ते शोधलं, वाचलं, आणि मग मान वर करून म्हणाले, "हो, झालं. मेथी होती." हबीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप हातात धरून दारात उभी होते. ते समालोचन तुमच्यासाठी नव्हतंच, पोरांनो. घडलेलं मागे राहत नव्हतं, म्हणून घडता घडता लिहून ठेवणं चाललं होतं. मैदानातला गडी दम सोडू नये म्हणून जसा एकच शब्द घोकत राहतो, तसं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. परत येताना रिक्षात गोदावरीच्या पुलावर वारा लागला तेव्हा मी त्यांचा मफलर नीट केला आणि म्हटलं, "मुलाला कळवते आज. नातवंडांनाही सांगू या."

"इतक्यात नको," ते म्हणाले. "पोरं माझं वाचतात ते हसायला. एकदा कळलं की तपासायला वाचतील."

मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले. त्या वाक्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या पावसाळ्यात ते आपलं समजून शेजारच्या घरात जाऊन बसेपर्यंत मी कोणाला काही सांगितलं नाही. आज पुन्हा तो पूल आला तरी मी तेच करीन.

मग ती वेळ अमावस्या आली. आंबिलीचं मडकं बळीरामनं डोक्यावर घेतलं, हे त्याच्या मागोमाग. करडईचे काटे धोतराला लागत होते, तूर माणसाएवढी झाली होती. कोपीभोवती आंबील शिंपडत फिरताना द्यायची ती अर्धी कानडी आरोळी ह्यांनी अशी दिली की बांधापलीकडच्या शेतातून उत्तर आलं. ज्याला सकाळचा चहा आठवत नव्हता त्याला ती आरोळी अक्षरन् अक्षर येत होती. कौसाबाई मला म्हणाली, "साहेबाचा आवाज परत आलाय की हो बाई!" मला वाटलं, आलाय खरंच. दुपारपर्यंत मी त्या एका वाटण्यावर चालले.

ऊन डोक्यावर आलं. बळीराम आणि आमच्यासोबत आलेले हबीबभाई विहिरीवर हात धुवायला गेले, कौसाबाई चुलीपाशी होती. हे कोपीच्या सावलीत घोंगडीवर बसून लिहीत होते. मी ताटं मांडत होते. ताटं एका रेषेत, पाण्याचे तांबे उजवीकडे, प्रत्येक ताटाखाली पळसाचं पान, खालची माती लागू नये म्हणून. माझ्या पिशवीत फोन वाजला. तुमचाच असेल म्हणून मी पदराला हात पुसले आणि पाहिलं.

"कोपीसमोर एक नेटकी बाई ताटं मांडत आहे. सगळी एका रेषेत. मोजणी शिकलेली असावी. ओळख नाही. नाव विचारून सांगतो."

हाच तो मेसेज, मुक्ता. तुझ्या भिंतीवरचा.

मी वाचला आणि मान वर करून पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. तुम्हाला वाटेल की चेहऱ्यावर काही रिकामं, हरवलेलं असेल. तसं काहीच नव्हतं. नव्या माणसाकडे बघताना जी एक अदब असते, ती होती. मोजणीला गेलेल्या गावात कोणाच्या दारात पाणी मागताना ते असेच उभे राहत असतील. मी त्यांना गमतीत रागावावं म्हणून ते करत असतील अशी एक आशा मला क्षणभर वाटली. मी डोळे वटारले, नेहमीसारखे. ते संकोचले आणि त्यांनी नजर खाली घेतली. तेव्हा मला कळलं.

माझ्या हातातला फोन वाजतच होता. मुक्ता, तुझ्याकडे पहाट होत असणार, तू जागी होतीस. "आजोबा, नंबर पण मागा!!" ईशान, तू लिहिलंस, "जपून, आजी बघतेय." हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यांच्याही फोनवर ती आलीच. ते एकदम उजळले. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे बघा. माझी नातवंडं आहेत. लांब असतात. मी काही लिहिलं की हसतात."

"गोड आहेत," मी म्हटलं.

"हुशारही आहेत," ते म्हणाले. "बाई, आपलं नाव?"

"सुमती."

त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. "नाव समजलं. सुमती. शोभतं." ह्या वेळी वाक्यांपुढे पूर्णविरामही दिले होते. तुम्ही त्यावर बदाम पाठवलेत. पुढे ते लिहायचं विसरले. संध्याकाळी बळीरामनं गवताची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवली, दरवर्षी ज्याचं सगळ्यात रंगतदार वर्णन यायचं तो हेंडगा, त्याबद्दल ग्रुपवर एक ओळही आली नाही. तुम्ही समजलात, नेटवर्क गेलं असेल. ज्वाळेच्या उजेडात ते माझ्या शेजारीच उभे होते. थंडी वाढली तशी त्यांनी आपली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "सुमे, तुला गारठा बाधतो." आले होते परत. घरी येईपर्यंत होते.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळा, औषधं, तुमच्या बाबांच्या फेऱ्या, आणि मग तो उन्हाळा. त्या सगळ्यापेक्षा मला ती दुपार जड जाते. मरणाला सगळे जमतात. त्या दुपारी मी एकटी होते, आणि माझं दुःख ज्या माणसाला सांगायचं तोच समोर बसून माझं नाव विचारत होता.

तेव्हा, मुक्ता, तो विनोद नव्हता. पण तुम्ही हसलात ते चुकलात असं अजिबात समजू नका. त्या दिवशी तुम्ही हसला नसतात, "आजोबा, तुम्ही ठीक आहात ना?" असं कोणी विचारलं असतं, तर ते घाबरले असते. तुमच्या हसण्यामुळे ते ओळख नसलेल्या बाईसमोरही अभिमानानं बसले होते. ते तुम्हाला विसरले नव्हते. मला विसरले आणि तुम्हाला धरून राहिले, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, असं मला लिहायचं होतं, पण अजूनही वाटतं. ते तसंच ठेवते.

लग्नात वाच. लोक हसतील, हसू दे. ईशानच्या बायकोला मात्र नंतर कधीतरी शांतपणे खरं सांग. नव्या घरात येताना तिला माहीत असावं की ह्या घरातल्या माणसानं ओळख पुसली गेल्यावरही बायकोचं नाव विचारलं आणि शोभतं म्हणाला.

बळीरामचा काल फोन आला होता. "बाई, कोप बांधायलोय. येताव ना?" मी येते म्हटलं. तू विचारलं आहेस की ह्या वर्षी तुमच्यासाठी मी कॉमेंट्री करीन का. नाही जमणार, बाळा. मला घडत असताना लिहिता येत नाही. मला घडून गेल्यावरच येतं, आणि तेही पूर्णविराम देत देत.

पण त्या दिवशीचं एक समालोचनात आलं नाही, ते इथे लिहिते. नाव लिहून झाल्यावर त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मांडलेल्या ताटांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "आपल्यासोबत कोणी आलं नाही?"

"आलेत की," मी म्हटलं.

"दिसत नाहीत."

"इथंच आहेत."

"मग हाक मारा त्यांना. पानं मांडून झाली. आजच्या दिवशी कोणी मागं राहू नये."

आमच्या पिढीत नवऱ्याला नावानं हाक मारत नसत. मीही कधी मारली नाही. इंग्रजी शिकले, शिकवलं, पण घरात आयुष्यभर तो एकच शब्द वापरला, आणि तो आतल्या खोलीतून हलक्या आवाजात म्हटला तरी ते कुठूनही ओ द्यायचे.

मी म्हटलं, "अहो."

त्यांनी मान वळवली, आणि कोण येतंय ते बघायला तुरीच्या वाटेकडे डोळे लावून बसले.